तुरुंगातील शिधा आणि अन्नाचा हक्क

नागपूरचे मध्यवर्ती कारागृह १८६४ साली स्थापन झाले. त्या सुमारास मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त म्हणून रिचर्ड टेंपल नागपुरात कारभार पाहत होते. पुढे १३ वर्षांनी, दक्षिणेतील मोठ्या दुष्काळात, याच टेंपल यांना हिंदुस्थान सरकारने मद्रास व मुंबई इलाख्यांत विशेष प्रतिनिधी म्हणून धाडले. आणि दुष्काळी कामावरील मजुराला किमान किती धान्य द्यावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्यांनी दिलेले उत्तर इतिहासात 'टेंपल मजुरी' या नावाने ओळखले जाते. प्रौढ पुरुषास दिवसाकाठी एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, आणि वर किरकोळ खर्चापुरते थोडे पैसे, असे ते प्रमाण होते.

मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी या प्रमाणास कडाडून विरोध केला. विशेष हे की, त्यांच्या युक्तिवादाचा एक प्रमुख आधार तुरुंग हा होता. बंदिशाळेत शिधा तोलून दिला जातो आणि आजार व मृत्यू यांची नोंद ठेवली जाते. त्यामुळे किती अन्नावर मनुष्य किती श्रम करू शकतो, याविषयी सरकारपाशी जो काही अनुभव होता तो बहुतांशी कैद्यांच्या देहांवरूनच मिळालेला होता. त्या अनुभवाच्या कसोटीस एक पौंडाचे प्रमाण उतरत नव्हते. मद्रास सरकारने ते त्याच वर्षी सोडून दिले. इकडे मुंबई इलाख्यात मजुरी घटविल्याबरोबर हजारो मजुरांनी दुष्काळी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

या प्रसंगाकडे केवळ दुष्काळाच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून पाहणे अपुरे ठरेल. भुकेल्याचा शिधा आणि कैद्याचा शिधा एकाच तराजूत तोलले जातात, ही गोष्ट येथे उघड झाली. विलायतेतील १८३४ च्या दरिद्री-कायद्यामागे असे तत्त्व होते की, आश्रिताची स्थिती बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराहून बरी असता कामा नये. तुरुंगाच्या बाबतीतही हेच तत्त्व सांगितले जाई. परंतु बाहेरचा मजूर उपाशी असेल तर या तत्त्वाचे काय होते? एक तर कैद्याचा शिधा भुकेच्या पातळीवर आणावा लागतो, नाहीतर बाहेरच्या उपासमारीची जबाबदारी पत्करावी लागते. राज्यकर्त्यांनी बहुधा तिसरा मार्ग पत्करला: दोन्ही प्रश्न निरनिराळ्या खात्यांकडे सोपविले.

तुरुंगाच्या आतही अन्नाची वाटणी समतेची नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगाल इलाख्यात कैद्यांना भत्ता देत आणि ते आपापले अन्न रांधीत. १८४० नंतर एकत्र स्वयंपाकाची पद्धत सुरू करताच बिहारमधील तुरुंगांत दंगे उसळले, कारण त्या पद्धतीने जातिनियमांना धक्का बसत होता. त्यावर सरकारने जी तडजोड केली ती अशी की, कोणी रांधावे आणि कोणी झाडावे हे जातीच्या आधारे ठरू लागले. पश्चिम बंगालच्या कारागृह नियमावलीत तर 'योग्य जातीच्या' कैद्याने अन्न शिजवावे, अशी तरतूद एकविसाव्या शतकापर्यंत टिकून होती.

जातीच्या जोडीला वर्गही आला. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात विनोबा भावे यांच्यासह शेकडो सत्याग्रही तुरुंगात गेले. विनोबांना नागपूर व अकोला येथे ठेवण्यात आले होते. १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास यांनी ६३ दिवस उपोषण करून प्राण सोडला. राजकीय कैद्यांना मिळणारी वागणूक हे त्या लढ्याचे कारण होते, आणि अन्न हा त्यातील एक प्रमुख मुद्दा होता. १९३० मध्ये सरकारने कैद्यांचे अ, ब आणि क असे वर्ग केले. पण ते पाडताना शिक्षण, सामाजिक दर्जा आणि राहणीची सवय यांना महत्त्व दिले. ज्याला बाहेर बरे खावयास मिळे त्याला आतही बरे, आणि ज्याला बाहेर अर्धपोटी राहावे लागे त्याला आतही तसेच. अन्यायाविरुद्धच्या बलिदानातून विषमतेची नवी श्रेणी निघावी, हे दुर्दैवच म्हटले पाहिजे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निर्णय देताना, कारागृह नियमावल्यांतील जातिनिहाय कामवाटपाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या, आणि राज्यांना नियमावल्या सुधारण्यास तीन महिन्यांची मुदत दिली. विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजण्याच्या वहिवाटीचाही न्यायालयाने त्यातच विचार केला. स्वयंपाकघर आणि गुन्हेगारीचा शिक्का हे दोन विषय एकाच निकालात यावेत, हे स्वाभाविकच होते.

विदर्भातील फासेपारधी समाजाचे उदाहरण त्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तितर, लावे यांसारखे पक्षी फाशात धरणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेने अशा जमातींवर जन्मतःच संशय लादला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु वनविषयक कायद्यांनी आणि पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची शिकार हाच गुन्हा ठरला. वन्यजीवांचे रक्षण आवश्यक आहे याविषयी वाद नाही. पण अन्नाचा एक मार्ग बंद करताना दुसरा उघडून देण्याचे कर्तव्य त्या मानाने फारच थोडे पाळले गेले. १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्याने तर अन्नाची याचना हीच दंडनीय केली. पुन्हा पुन्हा सापडणाऱ्या भिक्षेकऱ्यास दहा वर्षांपर्यंत स्थानबद्ध ठेवण्याची त्यात तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याची प्रमुख कलमे घटनाबाह्य ठरविली, ती दिल्लीपुरती.

याच्या उलट दिशेचा प्रवासही घडला आहे, आणि तो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. भारतीय कायद्यात पुरेशा अन्नाच्या हक्काचा एक स्पष्ट उच्चार झाला तो एका स्थानबद्ध स्त्रीच्या याचिकेत. फ्रान्सिस कोरॅली मुलिन प्रकरणात (१९८१) प्रश्न होता मुलीस आणि वकिलास भेटण्याचा, परंतु न्या. भगवती यांनी अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात पुरेसे पोषण, वस्त्र व निवारा यांचा समावेश होतो, असे प्रतिपादन केले. २००१ साली गोदामे भरलेली असताना लोक उपाशी का, या प्रश्नावर दाखल झालेल्या याचिकेचा आधार हाच अनुच्छेद होता, आणि २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा त्यानंतरचा.

मुक्त नागरिकास मिळालेला हा हक्क बंदिवानापर्यंत कितपत परतला? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मातेसमवेत तुरुंगात राहणाऱ्या सहा वर्षांपर्यंतच्या बालकांना वयानुरूप आहार मिळाला पाहिजे, असे निर्देश दिले. हे सांगावे लागले यातच पुष्कळ आले. २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० बंदिवानांपैकी ४,३४,३०२ हे न्यायाधीन, म्हणजे अद्याप दोषी न ठरलेले होते. त्यातील कोणी घरचा मिळवता असेल, तर त्याच्या कैदेचा पहिला परिणाम घरच्या चुलीवर होतो.

शिक्षा झालेल्या कैद्याच्या श्रमाचा मोबदला हा यातील आणखी एक दुवा आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांच्या श्रमास न्याय्य वेतन असावे, असे ठरविले. परंतु ते ठरविताना त्यांच्या अन्नवस्त्रावरील खर्च वजा करण्याची मुभाही राज्यांना दिली. म्हणजे अन्न हा एका बाजूने कैद्याचा हक्क राहिला, आणि दुसऱ्या बाजूने त्याच्या मजुरीतून वळते करून घ्यावयाचे देणे ठरले. ही वजावट कशी मोजावयाची, आणि तीनंतर घरी पाठविण्यास काय उरते, हे पाहिल्यावाचून कैद्याच्या शिध्याचा हिशेब पुरा होत नाही.