नंबर खरा, नाव गायब

'क्रिकेट ०७' हा व्हिडिओ गेम आठवतो? २००६च्या अखेरीस ईए स्पोर्ट्सने तो आणला. कंपनीकडे परवाना फक्त ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडचा होता, म्हणून आपल्या संघातली नावं बनावट. महाराष्ट्रभर पोरांनी एडिटर उघडून ती एकेक करून दुरुस्त केली.

याच कंपनीचा 'एनसीएए फुटबॉल' अमेरिकेत दरवर्षी नवा यायचा. कॉलेजांचं अमेरिकन फुटबॉल तिथे गावंच्या गावं वेडी करतं. या गेममधल्या खेळाडूला नाव नसे. पण जर्सीचा नंबर, उंची, वजन, खेळण्याची ढब मैदानातल्या खऱ्या पोराशी जुळे. नावं चाहतेच भरत आणि एकमेकांना देत. पैसा कंपनीला, कॉलेजांना. खेळणारा 'हौशी' ठरलेला, त्याला गेमपायी दमडीही नाही. येवल्यात पैठणी विणणाऱ्याचं नाव पदरावर नसतं, पण त्याला मजुरी तरी मिळते.

एड ओबॅनन हा बास्केटबॉलचा माजी कॉलेज खेळाडू. एका गेममध्ये तो स्वतःलाच दिसला: तोच ३१ नंबर, तसाच डावखुरा. २००९ मध्ये तो कोर्टात गेला. त्याच वर्षी फुटबॉलचा सॅम केलरही. २०१३च्या 'एनसीएए फुटबॉल १४' नंतर मालिका बंद पडली. खेळाडूंना तडजोडीत एकूण ६ कोटी डॉलर मिळाले.

२०२१ मध्ये कॉलेज खेळांचे नियम बदलले, आपलं नाव विकण्याचा हक्क खेळाडूला मिळाला आणि १९ जुलै २०२४ला 'कॉलेज फुटबॉल २५' आला. संघ १३४, खेळाडू ११ हजारांहून अधिक, प्रत्येकाला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत. परीक्षणांत कौतुक झालं ते स्टेडियमच्या वातावरणाचं, आणि ते रास्तच. पाहुण्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाली चालवणारा खेळाडू, गोंगाटात सापडला की पडदा थरथरतो, खेळीच्या आखलेल्या रेषा वाकड्यातिकड्या होतात. घरच्या मैदानाचा दबाव हाताला जाणवावा, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. तक्रारीही खऱ्या आहेत: पीसीवर गेम नाही, खेळाडूंच्या कार्डांसाठी वेगळे पैसे काढायचे आणि वर्षभरात 'कॉलेज फुटबॉल २६' पुन्हा सत्तर डॉलरला. आकडा बदलला की गेम नवा होत नाही.

माझ्या लेखी मात्र सर्वांत गंभीर आक्षेप 'कॉलेज फुटबॉल २५'च्या त्या ६०० डॉलरवर आहे. नामवंत क्वार्टरबॅक आणि राखीव खेळाडू यांना गेममध्ये असण्याबद्दल सरसकट एकच रक्कम, आणि विक्रीतला वाटा कुणालाच नाही. कंपनीने देऊ केलेला आकडा घ्यायचा किंवा गेमबाहेर राहायचं, एवढाच पर्याय होता.

आपल्याकडे 'रिअल क्रिकेट' हा मोबाइल गेम काही वर्षं पुण्याच्या जेटसिंथेसिसकडे होता. २०२५ मध्ये तो कोरियाच्या क्राफ्टनने ताब्यात घेतला. त्याच्या 'रिअल क्रिकेट २४'मध्ये परदेशी खेळाडूंची खरी नावं करार करून आली. त्यांच्या संघटना एकत्र येऊन सौदा करतात. भारतात निवृत्तांची संघटना आहे. सध्या खेळणाऱ्या क्रिकेटपटूंची तशी एकही नाही.