उन्हाचें पीक

नवें यंत्र खेड्यांत आलें म्हणजे खेड्यानें तें स्वीकारलें असें होत नाहीं. जमीन किती अडेल, खर्च कोणीं सोसावयाचा आणि यंत्र बिघडलें तर उभ्या पिकाचें काय, हे शेतकऱ्याचे पहिले प्रश्न. त्यांस जुनाटपणा म्हणणें सोपें आहे. परंतु ज्याचें सारें वर्ष एका पिकावर निभतें, त्याचा तो रोखठोक व्यवहार होय.

गुजराथेंतील खेडा जिल्ह्यांत ढुंडी नांवाचें गांव आहे. तेथील शेतकरी डिझेलच्या इंजिनानें जमिनींतील पाणी उपसत. २०१६ सालीं त्यांपैकीं सहा जणांनीं आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या साहाय्यानें सौर पंपांची सहकारी मंडळी स्थापन केली. त्यांच्या पॅनेलांची एकूण शक्ति ५६.४ किलोवॉट होती.

सौर पंपाचा बहुतेक सारा खर्च आरंभींच होतो. पुढें ऊन फुकट. डिझेल जाळतांना प्रत्येक तास पैशांत मोजला जातो, म्हणून हात आपोआप आखडतो. ऊन फुकट असलें कीं पंप दिवसभर चालूं लागतो आणि भूगर्भांतील पाणी खालीं जातें. धूर नाहींसा करणारें साधनच अशा रीतीनें विहिरी कोरड्या पाडूं शकतें.

ढुंडीमध्यें यावर एक उपाय योजण्यांत आला. पंप चालवून उरलेली वीज वीज-कंपनीनें २५ वर्षें, युनिटला ४ रुपये ६३ पैसे दरानें विकत घ्यावी, असा करार झाला. त्यामुळें न उपसलेल्या पाण्यालाही मोल आलें. उलटपक्षीं सभासदांनीं तितक्याच काळापुरता सवलतीच्या वीजजोडणीचा हक्क सोडला. हा त्याग लहान नव्हता. पॅनेलें उंच खांबांवर बसविल्यामुळें त्यांखालीं पालक, गाजर अशीं पिकेंही निघूं लागलीं. जमीन अडण्याची भीति बरीच ओसरली.

एकेका शेतकऱ्याशीं निराळा करार करणें वीज-कंपनीस परवडणारें नव्हतें. मंडळी झाल्यामुळें एकच करार पुरला. खेडा जिल्ह्यास ही रीत नवी नव्हती. १९४६ सालीं तेथील गवळ्यांनीं दुधासाठीं असाच संघ उभारला होता. पुढें गुजराथ सरकारनें २०१८ सालीं व केंद्र सरकारनें २०१९ सालीं शेतकऱ्यांची उरलेली सौर वीज विकत घेण्याच्या योजना काढल्या.

तरीहि एक अडचण उरतेच. ज्याच्यापाशीं स्वतःचा पंप नाहीं, तो शेजाऱ्याकडून पाणी विकत घेऊन शेत भिजवितो. विजेचा दर फार चढला तर शेजारी पाणी विकणार नाहीं. फार उतरला तर भूमि कोरडी होईल. हा तोल जेथें सांभाळला जाईल, तेथेंच सूर्यशक्ति साऱ्या गांवाची होईल. एरव्हीं ती पंपवाल्यांपुरतीच राहील.