भाषण कमी, प्रश्न जास्त

आपल्या शाळांवर वक्तृत्व स्पर्धेचा दांडगा पगडा आहे. त्यामुळे युवा संसदेची, म्हणजे मुलांनी भरवायच्या संसदेच्या अभिरूप बैठकीची, तयारी सुरू झाली, की वर्गातला सर्वांत खड्या आवाजाचा मुलगा आपोआप पंतप्रधान होतो, त्याच्या खालोखालचा विरोधी पक्षनेता, आणि उरलेले पन्नासेक जण बाकं वाजवायला. पालक खूश होतात, व्हिडिओही छान येतो. परीक्षक मात्र दुसरंच काही शोधत असतात.

संसदीय कार्य मंत्रालयाची युवा संसद योजना १९६६-६७मध्ये दिल्लीच्या शाळांत सुरू झाली आणि १९८८मध्ये देशभरातल्या केंद्रीय विद्यालयांसाठी स्वतंत्रपणे आली. पवईला आयआयटीच्या आवारात किंवा भांडुपला असलेल्या केंद्रीय विद्यालयासारख्या उपनगरी शाळेला या स्पर्धेत आधी प्रादेशिक, मग विभागीय आणि मग राष्ट्रीय फेरी गाठता येते. बैठक तासाभरात आटपायची. शपथविधी, शोकप्रस्ताव, प्रश्नोत्तरं, लक्षवेधी, एखादं विधेयक, सगळं त्यातच. १०० गुणांपैकी वादविवादाला ३० आहेत, हे खरं. पण प्रश्नोत्तरांना २० आणि संसदीय कार्यपद्धतीला २० गुण आहेत. घसा बसेपर्यंत भाषणं घोटून घेताना हे ४० गुण वाऱ्यावर सोडले जातात.

तयारी प्रश्नापासून करावी, असं माझं मत आहे. अंधेरीचा गोखले पूल घ्या. ३ जुलै २०१८ला त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. ७ नोव्हेंबर २०२२ला पूल बंद झाला. २६ फेब्रुवारी २०२४ला नव्या पुलाची एक बाजू खुली झाली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल चांगलाच खाली राहिलेला दिसला आणि मुंबईकरांना विनोदांना विषय मिळाला. यावर नववीतली मुलगी सहज लिहील, ‘या निष्काळजीपणाची सरकारला लाज वाटत नाही का?’ टाळ्या मिळतील, पण लोकसभेत असा प्रश्न दाखलच होणार नाही. प्रश्न १५० शब्दांच्या आत हवा. त्यात उपरोध, आरोप, विशेषणं चालत नाहीत. मंत्र्याचं मत विचारता येत नाही. आणि विषय मुख्यतः केंद्र सरकारच्या अखत्यारीतला असावा लागतो.

इथे मुलांची खरी पंचाईत होते. रुळांवरचा भाग रेल्वेचा, दोन्हीकडचे जोडरस्ते महापालिकेचे. मग रेल्वेमंत्र्यांना नेमकं काय विचारायचं? रुळांवरच्या पुलांची तपासणी कोण करतं, किती वर्षांनी करतं, अहवाल कुठे जातो? हे शोधायला दोन आठवडे द्यावेत, भाषणाला दोन दिवस पुरतात. अशीच वाटणी मग घराजवळच्या प्रत्येक तक्रारीची करता येते. घाटकोपरचा तुंबलेला नाला महापालिकेचा. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांचा प्रश्न दिल्लीत नेता येतो, कारण मीठ केंद्राच्या सूचीत आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातलं जंगल १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आलं, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो.

तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न येतात. बऱ्याच शाळा हे पुरवणी प्रश्नही संहितेत लिहून ठेवतात. मग विचारणाराही पाठ म्हणतो आणि मंत्रीही. निदान तालमीत तरी ते मंत्र्यापासून लपवून ठेवावेत. दोन मुलांना फायली घेऊन ‘अधिकारी’ म्हणून बाजूला बसवावं, त्यांनी चिठ्ठ्या पुढे सरकवाव्यात. खऱ्या संसदेतही अधिकाऱ्यांची गॅलरी असते. प्रश्नांचा चिकाटीने पाठपुरावा केला तर काय होऊ शकतं, याचं जुनं उदाहरण आहे. १९५७मध्ये खासदार फिरोज गांधींनी आयुर्विमा महामंडळाच्या, उद्योगपती मुंदडा यांच्या कंपन्यांतल्या वादग्रस्त गुंतवणुकीचा मुद्दा लोकसभेत लावून धरला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांचा आयोग नेमला गेला आणि १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावं लागलं.

राहिलं अध्यक्षपद. ते सहसा शांत, गुणी मुलीला ‘कुणाला तरी द्यायचं’ म्हणून दिलं जातं. खरं तर सर्वांत कठीण भूमिका तिची. कार्यपद्धती तिला तोंडपाठ हवी, आणि लाडका वक्ता रंगात आलेला असताना ‘माननीय सदस्य, प्रश्न विचारा’ म्हणून त्याला थांबवायचा धीरही.

केंद्रीय विद्यालय नसलेल्या शाळांनाही वाट आहे. २६ नोव्हेंबर २०१९ला, संविधान दिनी, या योजनेचं पोर्टल सुरू झालं. त्यावर सहावी ते बारावीच्या मुलांसाठी ‘किशोर सभा’ आहे. नोंदणी करून बैठक शाळेतच भरवायची, प्रमाणपत्र मिळतं.