खेळ कोणाचा आणि उत्पन्न कोणाचें ?

श्रम एकाचे आणि नफा दुसऱ्याचा, असा व्यवहार आमचे व्यापारी वाचक आपल्या पेढीवर क्षणभरहि चालूं देणार नाहींत. परंतु टेनिसच्या मैदानावर ‘शुद्ध हौस’ या गोंडस नांवाखालीं तो कैक वर्षें चालला, व त्याविरुद्ध उघडपणें उभें राहण्याचें धैर्य सुझान लांग्लेन या फ्रेंच स्त्रीनें दाखविलें.

सुझानचा जन्म १८९९ सालीं पॅरिस येथें झाला. वडिलांच्या कडक शिस्तींत तयार झालेल्या या मुलीनें पंधरा वर्षें पुरीं होतांच, १९१४ सालीं, जागतिक हार्डकोर्ट अजिंक्यपद पटकाविलें. महायुद्धानंतर १९१९ सालीं विंबल्डन येथें, सात वेळां विजयी झालेल्या डोरोथिया लँबर्ट चेंबर्स यांस तिनें १०-८, ४-६, ९-७ असें हरविलें. पुढें १९२० ते १९२३ व पुन्हां १९२५ सालीं तेथील विजय तिचाच. १९२० चें ऑलिंपिक सुवर्णपदकहि तिचेंच. तंग पोशाख टाकून सुटसुटीत वेषांत ती खेळे, म्हणून सनातन्यांनीं नाकें मुरडलीं. प्रेक्षकांनीं मात्र गर्दी केली. १९२२ सालीं विंबल्डनला मोठ्या जागेंत जावें लागलें, त्यांत तिच्या लोकप्रियतेचा वांटा मोठा होता.

तिकिटांचा पैसा जमे, पण नियमाप्रमाणें खेळाडूनें त्यांतील कवडीहि घ्यावयाची नव्हती. १९२६ सालीं सुझाननें अमेरिकेंतील ५०,००० डॉलरचा करार पत्करला, आणि मोठ्या स्पर्धांचीं दारें तिला बंद झालीं. पैशानें खेळ विटाळतो, असा आक्षेपकांचा मुद्दा. आम्हांस तो मान्य नाहीं. पैसा खरोखरच विटाळ असेल, तर तो तिकिटघरांत शिरतांना कां दिसूं नये ? अशा नियमाचा अर्थ इतकाच कीं, ज्याच्या घरीं आयतें धन आहे त्यानेंच खेळावें.

१९३८ सालीं, अवघ्या ३९ व्या वर्षीं, सुझान वारली. १९६८ सालीं विंबल्डननें धंदेवाईक खेळाडूंस प्रवेश दिला. परंतु विजेत्या पुरुषास २,००० पौंड देणाऱ्यांनीं विजेत्या स्त्रीच्या हातीं ७५० पौंडच ठेवले. तेथें बरोबरी यावयास २००७ साल उजाडावें लागलें. म्हणजे एक अन्याय हटला तरी त्याच्या पोटांतील दुसरा मागें उरलाच होता.

आज फ्रेंच स्पर्धेंतील स्त्रियांच्या चषकास सुझानचें नांव आहे. तें योग्यच होय. परंतु गेलेल्या माणसाचें नांव कोरण्यास फारसा खर्च येत नाहीं. हयात माणसाच्या घामाचें दाम, तो पुरुष कीं स्त्री हें न पाहतां, वेळेवर मोजणें हीच खरी गुणग्राहकता, असें आमचें स्पष्ट मत आहे.