व्यसनमुक्तीनंतरचे जीवन आणि लोकापवाद : बीड जिल्ह्यातील समाजस्थितीच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

मद्याच्या व्यसनासंबंधी मराठीत झालेल्या लेखनात व्यसन कसे जडते आणि त्यापायी कुटुंबाची वाताहत कशी होते याचे वर्णन विपुल आढळते. व्यसन सुटल्यानंतर त्या मनुष्याचे पुढे काय होते, या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. वस्तुतः दारू सुटणे ही काही दिवसांची घटना आहे, तर दारूवाचून जगणे ही आयुष्यभर चालणारी क्रिया आहे. पहिलीचा विचार मुख्यत्वे वैद्यकाच्या कक्षेत येतो. दुसरीचा विचार समाजशास्त्राला टाळता येत नाही. मुक्त झालेल्या मनुष्याला ज्या लोकांत राहावयाचे असते, ते लोक त्याला कोणत्या नावाने ओळखतात यावर तिचे यश पुष्कळसे अवलंबून असते. या दुसऱ्या क्रियेचे विवेचन बीड जिल्ह्यातील समाजस्थिती डोळ्यांपुढे ठेवून करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

आरंभी 'व्यसन' या शब्दाचाच विचार करणे उपयुक्त ठरेल. संस्कृतात या शब्दाचा एक अर्थ संकट किंवा आपत्ती असा आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणाचे नाव 'व्यसनाधिकारिक' असून, राज्याच्या अंगांवर येणाऱ्या आपत्ती आणि मद्यपान, द्यूत आदी पुरुषदोष या दोहोंचा विचार तेथे एकाच शब्दाखाली केलेला आहे. आपत्ती मनुष्यावर कोसळते. दोष मनुष्याच्या ठिकाणी वसतो. आपद्ग्रस्ताला समाज हात देतो, दोषी मनुष्याला दूर सारतो. मराठीच्या नित्य व्यवहारात या शब्दाचा पहिला अर्थ लोपला आणि दुसरा तेवढा उरला. व्यसनमुक्त मनुष्याला ज्या लोकापवादाला तोंड द्यावे लागते, त्याचे मूळ या दुसऱ्या अर्थात आहे.

२. वैद्यकाची भूमिका

गेल्या पाऊणशे वर्षांत वैद्यकाने पहिल्या अर्थाकडे पुन्हा वळण घेतले आहे. अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेने १९५६ साली मद्यासक्तीला आजार म्हणून मान्यता दिली. जेलिनेक याचा या कल्पनेची मांडणी करणारा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात मद्यावलंबन हा स्वतंत्र विकार आहे. अनावर ओढ, पिण्यावरील ताबा सुटणे, इतर कर्तव्यांपेक्षा पिण्याला अग्रस्थान मिळणे आणि मद्य न मिळाल्यास शारीरिक त्रास होणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत.

हा शारीरिक त्रास काल्पनिक नसतो. दीर्घकाळ अतिरिक्त पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली असता काही तासांत हातांना कंप सुटतो, घाम येतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रमाची अवस्था उत्पन्न होते. ही अवस्था क्वचित प्राणघातकही ठरते. त्यामुळे अशा मनुष्याला घरात कोंडून ठेवून त्याची दारू सोडविण्याची प्रथा घातक आहे. रुग्णाच्या नकळत अन्नातून औषध देण्याची प्रथाही तितकीच आक्षेपार्ह होय. डायसल्फिराम या औषधाचा मद्याविरुद्धचा गुण १९४८ साली डेन्मार्कमध्ये उजेडात आला. ते घेतलेल्याने मद्य प्राशन केल्यास तीव्र प्रतिक्रिया उद्भवते. म्हणून रुग्णाची संमती आणि वैद्याची देखरेख यांवाचून ते देणे जिवावर बेतू शकते. शिवाय, ज्याला फसवून औषध दिले त्याचा घरावरील विश्वास उडतो, आणि पुढील सारी इमारत तर त्या विश्वासावरच उभी करावयाची असते.

व्यसनाची गणना आज दीर्घकालीन आजारांत होते. दम्याचा किंवा रक्तदाबाचा रुग्ण उपचार घेऊनही अधूनमधून बिघडतो, तसेच येथे घडते. या आजारांशी तुलना करणाऱ्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका सुप्रसिद्ध वैद्यकीय निबंधात व्यसनाच्या रुग्णांपैकी शेकडा ४० ते ६० जण उपचारानंतर वर्षभरात पुन्हा सेवनाकडे वळतात, असा अंदाज दिलेला आहे. रक्तदाब पुन्हा चढला म्हणून रुग्णाची कोणी निर्भर्त्सना करीत नाही. दारूकडे एकवार पाऊल वळले, तर मात्र त्याचा अर्थ 'मूळ स्वभावावर गेला' असा लावला जातो. भारतीय कायद्याने हा भेद पुसण्याचा प्रयत्न केला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमातील मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य व मादक द्रव्ये यांच्या दुरुपयोगाशी संबंधित मानसिक अवस्थांचा समावेश असून, अशा रुग्णांना शारीरिक रुग्णांच्या बरोबरीने वागविण्याचे तत्त्व त्यात स्वीकारलेले आहे.

३. लोकापवादाचे कार्य

कायदा बदलला तरी लोकदृष्टी तितक्या लवकर बदलत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील मद्यावलंबी व्यक्तींपैकी ३८ मध्ये केवळ एकीला कोणत्याही स्वरूपाचा उपचार मिळाल्याचे आढळले. रुग्णालयात राहून उपचार घेतलेल्यांचे प्रमाण तर १८० मध्ये एक इतके अल्प होते. उपचारकेंद्रांची उणीव हे याचे एक कारण खरे. परंतु उपचाराला जाणे म्हणजे स्वतःवर शिक्का मारून घेणे, ही भीतीही तेवढीच प्रबळ आहे.

समाजशास्त्रज्ञ गॉफमन याने १९६३ सालच्या आपल्या ग्रंथात कलंकित व्यक्तींचे दोन वर्ग कल्पिले. ज्यांचा कलंक सर्वांना ठाऊक आहे ते पहिल्या वर्गातले. ज्यांचा कलंक अद्याप उघड झालेला नाही, पण उघड होण्याची धास्ती ज्यांना सतत वाटते, ते दुसऱ्या वर्गातले. पहिल्यापुढे प्रश्न असतो तो लोकांच्या वागणुकीला तोंड देण्याचा. दुसऱ्यापुढे असतो तो माहिती झाकण्याचा. शहरात राहणारा व्यसनमुक्त मनुष्य बहुधा दुसऱ्या वर्गात मोडतो, तर खेड्यातील मनुष्य जवळजवळ नेहमीच पहिल्या.

लोकापवाद हा व्यसनाचा केवळ परिणाम नसून व्यसनाकडे परत नेणारे कारणही आहे, ही गोष्ट मराठी रंगभूमीने फार पूर्वी दाखवून दिली. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर, फेब्रुवारी १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकराच्या अधःपाताची चर्चा पुष्कळ झाली. परंतु तो मध्यंतरी दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि कामधंद्याच्या शोधात बाहेर पडतो, तेव्हा पूर्वीचे परिचित त्याची अवहेलना करतात, हा भाग त्या मानाने उपेक्षित राहिला. या अवहेलनेनंतर तो पुन्हा पेल्याकडे वळतो. नाटकातील तळीराम हे नाव पुढे मद्यप्याचे सामान्यनाम होऊन बसले. दारू सोडू पाहणाऱ्या सुधाकराच्या अवस्थेला मात्र भाषेने तसे कोणतेच नाव दिले नाही.

४. बीड जिल्ह्याची परिस्थिती

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला विशिष्ट ऐतिहासिक आणि आर्थिक पार्श्वभूमी आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि आबकारी हे त्या संस्थानच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडे तोडणे हा सत्याग्रहाचा एक प्रकार ठरला. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ साली या भागासही लागू झाला. पुढे बंदी शिथिल होऊन १९७३ च्या नियमांनी देशी दारूची विक्री परवान्याखाली आली. याप्रमाणे एकाच पिढीच्या हयातीत दारू ही सरकारी उत्पन्नाची बाब, आंदोलनाचे लक्ष्य, गुन्हा आणि पुन्हा परवान्याची वस्तू अशा चार रूपांत समाजापुढे आली. या चारही रूपांत पिणाऱ्याला रुग्ण म्हणून स्थान नव्हते, हे लक्षणीय आहे.

आर्थिक बाजू याहून महत्त्वाची आहे. अवर्षणग्रस्त अशा या जिल्ह्यातून दरवर्षी लक्षावधी माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास निघालेली ही कुटुंबे पाच-सहा महिन्यांनी परततात. मजुरीचे एकक 'कोयता' हे असून एक कोयता म्हणजे बहुधा नवराबायकोचे जोडपे. मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे 'उचल', घेतली जाते आणि ती कामातून फेडावयाची असते. या व्यवस्थेत पतीचे व्यसन ही त्याची खाजगी बाब राहत नाही. तो कामावरून पडला तर अर्धा कोयता थांबतो. उचल मात्र तशीच उभी राहते आणि तिचा भार पत्नीवर येतो.

फडावरचे जीवनही ध्यानात घेतले पाहिजे. पहाटेपासून तोडणी, मोळ्या बांधणे, अवेळी वाहन आले की रात्री भरणी, आणि निवाऱ्याला उघड्यावरची कोपी. अंगदुखीवर आणि थंडीवर उतारा म्हणून दारूचा आश्रय घेतला जातो. उचल आधीच खर्ची पडलेली असली, तरी उसाचे वाढे विकून थोडी रोख रक्कम हाती येते आणि तिला वाट फुटावयास वेळ लागत नाही. गावात राहून दारू सोडलेला मनुष्य हंगामाला निघतो, तेव्हा त्याला आधार देणारी माणसे गावी राहतात आणि मोहाची सामग्री सोबत येते. त्याच्या मुक्तीची खरी कसोटी फडावर लागते.

गावी परतल्यावर दुसरी कसोटी सुरू होते. बाजारासाठी पैसे त्याच्या हाती द्यावयाचे की मुलाच्या, पुढच्या हंगामाची उचल मुकादमाने त्याच्या नावावर द्यावयाची की नाही, मुलीच्या सोयरिकीत बापाची चौकशी निघाल्यास काय सांगावयाचे, अशा लहानमोठ्या प्रसंगांतून त्याची पत पुन्हा ठरत असते. दारू सोडून वर्ष झाले तरी तो उशिरा घरी आला की त्याचा श्वास हुंगला जातो. घरच्यांचा संशय अनुभवातून आलेला असतो, म्हणून त्याला दोष देता येत नाही. परंतु तो कधीच संपत नाही असे दिसले, तर मुक्त राहण्याचे प्रयोजनच त्या मनुष्याला उरत नाही.

५. माळ : एक देशी संस्था

या कोंडीतून बाहेर पडण्याचे दोन मार्ग संभवतात. पहिला अनामिकतेचा. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली चळवळ याच तत्त्वावर उभी आहे. तेथे मद्यासक्त व्यक्ती एकमेकांना आधार देतात आणि बाहेर कोणाचे नाव उघड होत नाही. महानगरात हा मार्ग परिणामकारक ठरला आहे; परंतु जेथे प्रत्येकाचे जाणेयेणे सर्वांना ठाऊक असते, त्या खेड्यात अनामिकता टिकवणे जवळजवळ अशक्य असते.

दुसरा मार्ग उघड प्रतिज्ञेचा, आणि त्याचे रूप बीड जिल्ह्याला परके नाही. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ घालणे म्हणजे मद्यमांस वर्ज्य करणे, एकादशी पाळणे आणि पंढरीची वारी करणे. ही माळ गळ्यात उघड दिसते. ती घालणाऱ्याला त्याच दिवसापासून 'माळकरी' हे नवे नाव मिळते, भजनात आणि सप्ताहात त्याला जागा मिळते, आणि आग्रह करून पाजणारे मित्रही माळेपुढे थबकतात. नकार त्याला स्वतः द्यावा लागत नाही. त्याच्या वतीने माळ तो देते. मागे काय होता हे गाव विसरत नाही, पण आता कोण आहे हे सांगणारा शब्द गावापाशी असतो. आधुनिक उपचारपद्धती जी गोष्ट प्रयासाने घडवू पाहते, ती या संस्थेत आपसूक साधलेली आहे.

तथापि या संस्थेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. एक म्हणजे, माळ शरीराचा विकार बरा करीत नाही; कंप, झटके आणि भ्रम यांसाठी वैद्यच हवा. दुसरी मर्यादा कालगणनेची. आषाढीच्या वारीला ऊसतोड मजूर गावी असतो. परंतु कार्तिकीच्या सुमारास तो बहुधा फडाच्या वाटेवर असतो, आणि हंगामभर संप्रदायाचा संग त्याला तुरळकच लाभतो. तिसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. माळेची प्रतिज्ञा अखंड असते. एकदा पाऊल घसरले की माळ उतरवावी लागते आणि ते गळ्याकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला कळते. म्हणजे जे चिन्ह मनुष्याला प्रतिष्ठा देते, तेच घसरणीनंतर दुप्पट लज्जेचे कारण होते. परत वळणे हा आजाराच्या स्वरूपाचाच भाग आहे, हे वैद्यकाचे ज्ञान येथे संप्रदायाच्या मदतीस यावयास हवे. माळ पुन्हा घालण्याची वाट वडीलधाऱ्यांनी मोकळी ठेवली, तर ही मर्यादा पुष्कळ अंशी दूर होऊ शकेल.

६. पुण्याचा अनुभव

नाव देण्याचे हे कार्य धर्माच्या कक्षेबाहेरही घडू शकते, हे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या अनुभवावरून दिसते. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली हे केंद्र सुरू केले. तेथे उपचारासाठी आलेल्यास 'रुग्णमित्र' म्हणतात. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण तेथे कार्यकर्ते म्हणून काम करतात. ज्या भूतकाळाची लाज वाटावी, तोच तेथे दुसऱ्याच्या उपयोगी पडणारी पात्रता ठरतो. कुटुंबीयांना उपचारात सहभागी करून घेणे आणि केंद्रातून बाहेर पडल्यानंतरही संबंध टिकवणे, यांवर तेथे भर असतो. दारू सोडल्याचा दिवस वाढदिवसासारखा साजरा होतो. माळेप्रमाणे येथेही उघड साक्ष आहे. फरक एवढाच की, घसरलेल्या मनुष्याला परत येण्याचे दार येथे तत्त्वतः खुले आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, व्यसनमुक्त मनुष्याला 'पूर्वीचा दारुडा' याहून वेगळे नाव हवे, आणि ते समाजाने चारचौघांत द्यावयाचे असते. दुसरी अशी की, बीडसारख्या जिल्ह्यात अनुवर्ती उपचाराची आखणी ऊसहंगामाला धरून झाली पाहिजे. फडावर निघण्यापूर्वी आणि परतल्यावर भेट, कोपीवर सोबत राहणारा एखादा मुक्त सहकारी, आणि उचलीचा हिशेब पत्नीलाही माहीत असणे, एवढ्या साध्या गोष्टींनीही बरेच साधेल. तिसरी अशी की, घसरणीला पराभव न मानता तिच्यावर उपचार करण्याची वृत्ती घरात, भजनी मंडळात आणि रुग्णालयात सारखीच रुजली पाहिजे.

अभ्यासकांच्या दृष्टीने यातून एक स्वतंत्र संशोधनविषय पुढे येतो. दारू सोडलेल्या मनुष्याच्या हाती बाजाराची पिशवी आणि पैसे पुन्हा केव्हा येतात, मुकादम त्याच्या नावावर उचल पुन्हा केव्हा देतो, याची नोंद गावोगाव घेतली गेली पाहिजे. किती दिवस दारू सुटली याची मोजणी वैद्य करतो. त्या मनुष्याची गेलेली पत किती परत आली याची मोजणी समाजशास्त्राने हाती घ्यावयाची आहे.