आपल्या घामाचा रुपया कुणाच्या वहीत?

लंडनहून १९१७ साली परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजाराविषयी सल्ला देणारी पेढी काढली. मालकाची जात कळताच गिऱ्हाइके तुटली, पेढी बंद पडली. आज मोबाईलवरच्या गिऱ्हाइकाला आधी वस्तू दिसते, जात नव्हे. जात संपली असे नाही. पण एक दार किलकिले झाले आहे.

कोल्हापुरी चप्पल पाहा. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलानमध्ये तशीच चप्पल मिरवली आणि टीका झाल्यावर भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. चप्पल घडवणाऱ्या चर्मकाराला मात्र दलाल देईल तीच मजुरी!

तेव्हा शिकलेल्या तरुणांनो, घरचा माल स्वतः विका. किंमत ठरवताना चामडे, वेणी घालणाऱ्या आई-बहिणीची मजुरी, पॅकिंग, कुरिअर, कमिशन आणि परत येणारा माल, सारे धरा. गिऱ्हाइकाकडून पायाचे माप सेंटीमीटरमध्ये मागवा. परतीचे जोड कमी होतील. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, शिवण दिसू द्या. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते; एजंटाचे खिसे भरू नका. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. मागेल तो ठग समजा. धंद्याचे बँक खाते वेगळे ठेवा, जमाखर्च रोज लिहा.

रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या बापाची आपण लेकरे. आपल्या घामाचा रुपया दुसऱ्याच्या वहीत का जमा व्हावा?