दम एका महिन्यात येत नाही

पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. खेळाच्या भाषेत ही मध्यम पल्ल्याची धाव. नागावच्या किनाऱ्यावर ओहोटीची वेळ साधून तिचा सराव करता येतो. पण भरतीची जाहिरात आली की अनेक जण रोज पूर्ण अंतर, पूर्ण जोर लावून धावू लागतात. शरीर तसे तयार होत नाही. ते कसे घडते, हे लोपेझ लोमाँग या धावपटूच्या कारकिर्दीवरून समजते.

लोमाँग मूळचा आजच्या दक्षिण सुदानचा. १९९१ मध्ये, सहा वर्षांचा असताना सशस्त्र बंडखोरांनी त्याला पळवून नेले. तिथून निसटून तो केनियात पोहोचला आणि काकुमा निर्वासित छावणीत दहा वर्षे राहिला. तिथे जेवण दिवसातून एकदाच. २००१ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या एका कुटुंबाने त्याला घरी आणले. पोटभर अन्न, शाळा आणि प्रशिक्षक मिळाले. पुढे नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाकडून धावताना २००७ मध्ये त्याने अमेरिकी विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत १५०० मीटरचे विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी त्याला नागरिकत्व मिळाले आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा ध्वज त्याच्या हाती होता. छावणी सोडल्यापासून विजेतेपदापर्यंत सहा वर्षे गेली.

ही वर्षे कशासाठी लागतात? १५०० मीटर धावताना सुमारे चार पंचमांश ऊर्जा प्राणवायूच्या मदतीने तयार होते. त्यासाठी हृदयाने एका ठोक्याला जास्त रक्त ढकलावे लागते, स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट व्हावे लागते. हे बदल मुख्यतः सावकाश, गप्पा मारता येतील अशा गतीच्या धावण्याने होतात. स्नायूंपेक्षा हाडे आणि स्नायुबंध सवयीला उशिरा येतात. म्हणून दम वाढण्याआधीच नडगी दुखू लागते.

लोमाँगचे विद्यापीठ फ्लॅगस्टाफला, सुमारे २१०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ असल्याने मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त स्रवतात आणि काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळेही अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर सराव करत आला आहे. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले आणि २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. मात्र उंचीचा लाभही शरीरात पुरेसे लोह असेल तरच मिळतो.

नागाव समुद्रसपाटीला आहे, म्हणून निराश व्हायचे कारण नाही. हृदय आणि स्नायूंतले बहुतेक बदल इथेही होतात. काही गोष्टी मात्र पाळाव्यात. तयारी चाचणीच्या किमान चार-सहा महिने आधी सुरू करावी. आठवड्यातले बहुतेक दिवस सावकाश, एक-दोन दिवसच वेगाने धावावे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. सैल वाळूत धावायला कठीण जमिनीच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते आणि पोटऱ्यांवर ताण येतो, त्यामुळे ओली, घट्ट वाळू निवडावी. किनारा उतरता असतो. एकाच बाजूला भार पडू नये म्हणून जितके जावे तितकेच त्याच वाटेने परत यावे. मुलींनी हिमोग्लोबिन जरूर तपासून घ्यावे. उपाशीपोटी जोराचा सराव करू नये.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, त्यामुळे शरीर तापते. भरतीच्या चाचणीत उमेदवार कोसळून मरण पावल्याच्या घटना राज्यात घडल्या आहेत. धावताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर पुढचा सराव डॉक्टरांना दाखवल्यावरच करावा. भरती पुन्हा निघेल, थोडी वाट पाहायला हरकत नाही.